दोन्ही बाजूंनी गाणारा

मी बोलतो हे वेगळं सांगायला नको. बोलणं आणि गाणं हेच माझं काम. पण आजवर मी नेहमी दुसऱ्यांचंच बोललो. आज थोडं स्वतःचं बोलतो.

मी स्पीकर आहे. आता तुमच्या डोळ्यांसमोर काळा खोका आला असेल, पुढे जाळी आणि आत गोल कागदी भोंगा. तसा मी नाही. मी माणसाएवढा उंच, हातभर रुंद, आणि जाडीला जेमतेम चार बोटं. माझ्या आरपार खिडकीतला उजेड दिसतो. नवे पाहुणे विचारतात, "पार्टिशन छान आहे, कुठं केलंत?" मला त्याचं वाईट वाटत नाही. दोन मिनिटांनी गाणं लागतं, आणि तेच पाहुणे हातातली कॉफी प्यायची विसरतात.

माझ्यासारखाच एक जोडीदार माझ्यापासून चार पावलांवर उभा असतो. आमची रचना साधी आहे. पत्र्याच्या दोन जाळ्या आणि त्यांच्या मधोमध ताणलेला, दुधाच्या पिशवीपेक्षाही पातळ असा पडदा. केसांतून फिरवलेला कंगवा कागदाचे कपटे ओढून घेतो, ते तुम्ही लहानपणी केलं असेल. तीच वीज माझ्या पडद्यात असते, फक्त कितीतरी जास्त. गाण्याबरोबर जाळ्या त्या पडद्याला पुढे ओढतात, मागे ढकलतात. पडदा हलला की हवा हलते. झालं, गाणं!

माझा जन्म पीण्यात झाला, त्र्याण्णव साली. बेंगळुरूत पीण्या म्हटलं की कारखाने. तिथल्या एका शेडमध्ये उमाकांतराव कॉफीच्या गिरण्यांसाठी छिद्रांचे पत्रे पाडायचे. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी या गावात आले. घरात मराठी, कारखान्यात कन्नड, आणि राग आला की दोन्ही. एकदा ते एका मळेवाल्याच्या बंगल्यावर चाळण्या द्यायला गेले आणि तिथं त्यांनी आमच्या जातीचे परदेशी स्पीकर ऐकले. परत आले ते वेड घेऊनच.

"शंतनु, अरे मधे काहीच नाही! नुसती जाळी! आणि जाळी तर आपण रोज पाडतो!"

शंतनु त्यांच्या यशवंतपूरच्या घरी वरच्या मजल्यावर राहायचा. पुण्याहून कॉम्प्युटरच्या नोकरीला आलेला. तो म्हणाला, "काका, थिअरी सिंपल आहे. पण हाय व्होल्टेज आहे हं. चुकून तुमचा हात लागला तर मी काकूंना काय तोंड दाखवू?"

दोघांनी मला घडवलं. पहिला पडदा फाटला, दुसऱ्याला सुरकुती पडली. तिसऱ्यावर पेन्सिलीतल्या शिशासारखी काळी पूड कापसानं चोळली, तेव्हा मी पहिल्यांदा सूर लावला. उमाकांतरावांनी शेडमधली पत्रे पाडायची प्रेस बंद करायला लावली आणि कामगारांना गोळा केलं. मी तेव्हाच ओळखलं, आपण काही साधे नाही.

टेम्पोतून घरी आलो तर टेम्पोवाला विचारतो, "एनण्णा, बागिला?" म्हणजे हे दार आहे का? दारात उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "दार असतं तर बरं होतं. उघडून आत तरी जाता आलं असतं."

त्या भाग्यलक्ष्मी, आमच्या मालकीणबाई. चिकपेटेतल्या साड्यांच्या दुकानांसाठी त्या नवरीचे ब्लाउज शिवायच्या. हॉलच्या टोकाला मोठी खिडकी होती, तिच्यापाशी त्यांचं शिलाई मशीन. खिडकीकडे पाठ करून बसल्या की खांद्यावरून उजेड नेमका सुईवर पडायचा. जरीच्या कामाला तसाच उजेड लागतो.

आणि माझी अडचण अशी, की मला भिंतीला टेकून उभं राहता येत नाही. मी जेवढा पुढे गातो तेवढाच मागेही गातो. भिंतीला लावलं तर मागचा आवाज भिंतीवर आपटून पुढच्या आवाजात मिसळतो आणि सगळी खिचडी होते. उमाकांतराव दर रविवारी आम्हाला एक-एक वीत पुढे ओढायचे, खुर्चीत जाऊन ऐकायचे, पुन्हा उठायचे. जागा सापडली की लाल फरशीवर खडूनं खूण. शुक्रवारी मालकीणबाई फरशी धुवायच्या, खूण जायची. शेवटी उमाकांतरावांनी पिवळ्या ऑइलपेंटनं रेघा मारल्या.

"घरात पार्किंग केलंय," मालकीणबाई म्हणाल्या. "आता पोलीस पण ठेवा एक."

घरातले वडीलधारे अप्पासाहेब, म्हणजे उमाकांतरावांचे वडील, दाराशी आरामखुर्चीत बसलेले असायचे. ते म्हणाले, "भिंत सोडून मधे उभा राहतो तो एक तर भांडायला आलेला असतो, नाहीतर जायला निघालेला."

जागा ठरली ती खिडकीपासून चार हात अलीकडे. तिथं मशीन आड येत होतं.

"मागं मोकळं हवं," उमाकांतराव म्हणाले. "मशीन स्वल्प आत घेऊ या का? बोळात?"

"स्वल्प म्हणजे किती दिवस?"

"बघू."

पाडव्याला मशीन बोळात गेलं, हॉल आणि स्वयंपाकघराच्या मधे. तिथं एक पिवळा दिवा होता, खिडकी नव्हती. खिडकीचा सगळा उजेड आता माझ्या पाठीवर पडायचा. मला त्याचा काय उपयोग? मी काही सुईत दोरा ओवत नाही.

दोनदा जरीचा काठ तिरपा गेला आणि उसवावा लागला. दुकानदारानं एक ब्लाउज परत पाठवला, "अक्का, तुमच्या हातचा वाटत नाही" असा निरोप देऊन. त्या दिवशी त्यांनी तो ब्लाउज दिव्याखाली उलटसुलट करून पाहिला. वीस वर्षांत त्यांच्या हाताला कुणी असं म्हटलं नव्हतं. मग उठून हॉलमध्ये आल्या आणि आमच्यापुढे उभ्या राहून मालकांना म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत वाट बघते. तोवर हे खांब हलले नाहीत, तर मग माझं मी बघते."

हे वाक्य पुढे त्यांच्याच अंगावर आलं.

नवरात्रात इकडे घरोघरी पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात, आमच्याकडे त्या माझ्या मागच्या रिकाम्या जागेत मांडल्या. नऊ दिवस देवीचे, त्याला मालकांची ना नव्हती. खंडेनवमीला सगळ्या हत्यारांची पूजा. त्या दिवशी कुठलंही यंत्र चालवायचं नाही, म्हणून आमचाही प्लग काढलेला. उमाकांतराव प्रेसची पूजा करायला पीण्याला गेले. घरी मालकीणबाईंनी मशीन, कात्री, टेप, स्कूटर, विळी सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं. मग माझ्यापुढे थांबल्या.

"अप्पा, यांना लावायचं का हो?"

"काम करतो ना तो? मग हत्यारच."

त्यांनी हात राखून पूजा केली नाही. पाण्यात कालवलेलं गंध बोटानं जाळीवर लावलं, वर मूठभर कोरडं कुंकू, झेंडूचं फूल, पायाशी उदबत्ती. सहा महिन्यांचं भांडण होतं, तरी हात जोडून त्या पुटपुटल्या, "बरा राहा बाबा." मी स्वतः ऐकलं.

पण कंगवा कपटे ओढतो तसा मी कुंकू ओढतो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला चार स्नेही सोनं द्यायला आले. उमाकांतरावांनी ऐटीत प्लग लावला. चट्! जाळीत अडकलेलं सगळं कुंकू पडद्याकडे धावलं. चट्, चट्, निळी ठिणगी, जळका वास. पडद्याला भोक पडलं आणि मी मुका झालो.

पाहुणे गेल्यावर उमाकांतराव हळूच, पण कडू आवाजात म्हणाले, "दसऱ्यापर्यंत बघते म्हणाली होतीस. बघितलंस."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. "पूजेच्या ताटातून मी घात करीन? तुमचा?"

"मी तसं नाही…"

"तसंच म्हणालात. पूजेच्या दिवशी मी शत्रूच्या कात्रीलासुद्धा कुंकू लावीन. हे तर माझ्या घरातले."

त्यानंतर त्या त्यांच्याशी कामापुरतंही बोलेनात. जेवायला वाढायच्या आणि आत जायच्या. मला खरं ठाऊक होतं. पण मुका झालेला मी साक्ष काय देणार? आणि धडधाकट असतो तरी दुसऱ्यांचेच शब्द गायलो असतो.

नवा पडदा ताणायचं काम घरीच करायचं ठरलं. हॉल बाहुल्यांनी अडलेला, पौर्णिमेपर्यंत त्या हलवायच्या नाहीत अशी घरची रीत. म्हणून उमाकांतराव मला घेऊन बोळात बसले. मालकीणबाईंचं मशीन बाजूला सरकवून, त्यांच्याच स्टुलावर. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ब्लाउजला हुकं लावत होत्या. शंतनु पडदा धरून उभा. काळी पूड सगळीकडे सारखी लागायला हवी, कमी नाही, जास्त नाही. उमाकांतराव वाकले, डोळे बारीक केले, चष्मा पुसला, पुन्हा वाकले. एक जागा दोनदा चोळली गेली, एक राहिली. शेवटी वैतागले.

"शंतनु, कुठं लागलंय, कुठं राहिलंय, काही दिसत नाही! ही काय माणसानं बसून काम करायची जागा आहे?"

मालकीणबाईंनी मान वर केली नाही. "पाडव्यापासून आहे," त्या म्हणाल्या.

शंतनु म्हणाला, "मी वर जाऊन जरा… गॅस बंद केला का बघतो." आणि गेला. तो वर स्वयंपाक करतच नसे.

उमाकांतरावांनी हातातला कापूस खाली ठेवला आणि त्या पिवळ्या दिव्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "पौर्णिमा झाली की मशीन मी उचलतो."

"आणि तुमचं मागचं मोकळं?"

"बिघडलं तर बिघडलं."

शब्द त्यांनी पाळला. बाहुल्या पेटीत गेल्या त्याच सकाळी मशीन खिडकीशी आलं. दोघं ते सरकवत होते.

"मी त्या दिवशी बोललो ते…"

"हं."

"चुकलं माझं."

मालकीणबाईंनी मशीनवरची धूळ पदरानं पुसली. "अजून जरा डावीकडं घ्या. सावली पडते."

संध्याकाळी मी नव्या पडद्यानं उभा राहिलो. उमाकांतराव समोर खुर्चीत, मालकीणबाई आमच्या मागे, हातात हुकांचं काम. सतार सुरू झाली, मग तबला आला. मी जीव ओतून वाजलो. ठेवणीतल्या साडीसारखा एकेक सूर उलगडून दाखवला. मागे मशीन आहे म्हणून काही कमी पडू दिलं नाही.

"तबला उजवीकडं कसा स्वच्छ आलाय बघ!" मालक म्हणाले.

मागून आवाज आला, "उजवीकडं कुठं? डावीकडं आहे."

"उजवीकडं गं."

"माझे कान माझ्याजवळ आहेत. डावीकडं."

दाराशी, आमच्या अगदी कडेला बसलेले अप्पासाहेब ओरडले, "तुमचं दोघांचं नशीब! मला इथं काहीच धड ऐकू येत नाही." तेही खरं होतं. कडेला बसणाऱ्यासाठी माझ्याकडे फारसं काही नाही.

उमाकांतराव उठून मागे आले. मालकीणबाईंनी स्टूल दिलं. ते बसले, आणि कॅसेटची ती बाजू संपेपर्यंत उठलेच नाहीत. मी मागेही गातो हे त्यांनी शंतनुच्या कागदावर पाहिलं होतं, पण तिथं कधी बसले नव्हते.

"सगळंच येतं की गं इथं."

"तुम्हीच बनवलंत," त्या म्हणाल्या. "आता उठा, माझे चार ब्लाउज राहिलेत."

शिलाईचे धागे, कापसाचे कण माझ्या पडद्याला धोक्याचे, म्हणून त्यांनी आम्हा दोघांना पातळ जाळीचे अंगरखे शिवले. एका जांभळ्या तुकड्यात दोन बसेनात, तेव्हा जोडीदार जांभळा आणि मी मोरपंखी झालो. त्यांचा एक नियम आहे. मशीन चालताना गाणं नाही, आणि गाणं चालू असताना त्या हातशिलाई करतात. चिकपेटेतून आता ब्लाउज परत येत नाहीत.

आज नव्याण्णव साल आहे. मी ठणठणीत आहे. उमाकांतरावांनी आतापर्यंत आमच्यासारख्या पाच जोड्या करून दिल्या. गेल्या आठवड्यात बिंदुमाधव नावाचे एक गृहस्थ आले, नागपूरहून कंपनीच्या नोकरीसाठी नुकतेच आलेले. हातात मोजायची टेप.

"सर, भिंतीपासून एक्झॅक्ट किती फूट ठेवायचे?"

"ते नंतर सांगतो. तुमच्या हॉलमध्ये खिडकीपाशी कोण बसतं?"

"खिडकीपाशी?" ते गोंधळले. "आई बसते. पेपर वाचते, तांदूळ निवडते. पण सर, तिचा याच्याशी काय संबंध?"

"मग त्यांना घेऊन या."

काल ते आईला घेऊन आले. आई बिचाऱ्या संकोचून दाराशीच बसायला लागल्या, अप्पासाहेबांच्या शेजारी, जिथं मी धड ऐकू येत नाही. उमाकांतराव समोरची खुर्ची पुढे करणार, तोच मालकीणबाई सुई कापडात टोचून उठल्या.

"अक्का, तिथं नको. इकडं या, माझ्या स्टुलावर. उजेड पण आहे."

आई खिडकीशी बसल्या. मी मागच्या बाजूनं गायला लागलो. थोड्या वेळानं त्यांनी मुलाला हाक मारली, "माधवा, हे आपल्याकडे ठेवायचे असतील तर माझी खुर्ची हलवायची नाही हं."

"नाही आई," मुलगा म्हणाला आणि त्यानं टेप खिशात घातली.

आता मालक प्लग लावताहेत. गाणं सुरू झालं की मला स्वतःचं बोलता येत नाही, तेव्हा एवढंच सांगून निरोप घेतो. आमच्यातलं कुणी घरी न्यावंसं वाटलं तर जरूर या. मात्र एकटे येऊ नका. तुमच्या खिडकीपाशी जे बसतं, त्यालाही बरोबर आणा.