समिती येईपर्यंत

मावशी कोरडं बेसिन पुन्हा घासत होती. गेल्या अकरा दिवसांत त्यात कुणी हात धुतला नव्हता, तरी सकाळ-दुपार घासायचं, दारावरच्या तक्त्यावर सही करायची आणि कुलूप घालायचं. नव्याकोऱ्या फरशा, हा एवढा मोठा आरसा. बाहेर पाटी: 'विद्यार्थिनींसाठी अद्ययावत स्वच्छतागृह'. आणि विद्यार्थिनींनी जायचं कुठे? तर तळमजल्यावरच्या जुन्यात. नळाला पाणी नाही, कडीच्या जागी सुतळी, आणि वास असा की जिन्यातच नाकाला पदर लावावा. शी! म्हणे तीस हजार मुलांचं विद्यापीठ.

साहेब आले. हे 'विद्यार्थी अनुभव सुधार कक्षा'चे प्रमुख. कक्षाने वर्षभरात सुधारलं ते हे एवढंच. त्यांनी नळावरून बोट फिरवलं आणि बोट नीट निरखून पाहिलं.

"तपासणीची समिती बाराला येतेय. तोवर एकीचाही पाय आत पडता कामा नये."

"साहेब, अकरापासून पेपर आहे मुलींचा. तीन तास त्या..."

"मावशी, तुमचं कंत्राट याच महिन्यात संपतंय ना?"

हे त्यांनी हसून विचारलं. मावशीने दाराला कुलूप घातलं.

सगळं विद्यापीठ तिला मावशी म्हणायचं. खरी भाची एकच, बहिणीची लेक, पहिल्या वर्षाला. पेपरला दहा मिनिटं असताना ती धावत आली. घरून निघताना पाणी प्यायचंच नाही, हे इथल्या मुलींचं ठरलेलं. त्यापायी गेल्या महिन्यात हिला थंडी वाजून ताप भरला होता, लघवीला आग होत होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी भरपूर पी आणि अजिबात रोखून धरू नकोस. म्हणून आज शहाण्यासारखी बाटलीभर पाणी पिऊन आली होती.

"मावशी, उघड ना. दोनच मिनिटं."

"खाली जाऊन ये."

"खालचं तुंबलंय गं. घाण पार दारापर्यंत आलीय."

मावशीचा हात किल्लीवर गेला. जिन्याच्या टोकाला साहेब कुंड्या सरकवून घेत होते. त्यांनी मान वळवून पाहिलं.

"थोडी कळ काढ," मावशी म्हणाली. "समिती गेली की ये बाहेर. लगेच उघडते."

"मधे उठलं की पुन्हा आत घेत नाहीत. पेपर देऊनच यावं लागतं."

घंटा झाली. पोरगी समोरच्या हॉलमध्ये गेली. मावशीने फडकं उचललं आणि कुलूप काढून पुसलेला आरसा पुन्हा पुसायला घेतला, पण त्यात तोंड बघायची तिला किळस वाटत होती.

बाराच्या ठोक्याला समिती आली. त्यातल्या बाई लांबचा प्रवास करून आल्या होत्या. साहेबांनी लगबगीने दार उघडून दिलं. थोड्या वेळाने हात पुसत त्या बाहेर आल्या.

"मुली रोज वापरतात, तरी इतकं स्वच्छ?"

त्यांनी मावशीला विचारलं होतं. साहेब मावशीकडे बघत राहिले.

"हो," मावशी म्हणाली. बोलल्याबरोबर तिला थुंकावंसं वाटलं.

"मुलींची सोय आधी, बाकी सगळं नंतर," साहेब म्हणाले. मेल्याला लाजही वाटली नाही. बाई वहीत लिहू लागल्या.

तेवढ्यात हॉलचं दार उघडलं आणि भाची बाहेर आली. सव्वाबारा वाजले होते. बाईंनी कौतुकाने वर पाहिलं.

"एवढ्यात लिहून झालं? सोपा होता वाटतं पेपर!"

"हुशारच आहेत हो आमच्या मुली," साहेब म्हणाले.

पोरगी भिंतीला पाठ लावून तिथेच उभी राहिली, दोन्ही हातांनी फाइल मागे धरून. मावशीने पुढे होऊन दार सताड उघडलं. साहेबांनी डोळे वटारले. वटारू देत.

"ये गं. जा आत."

"आता काय करू जाऊन?" भाची कशीबशी म्हणाली.

मावशी जवळ गेली. फाइलमागे तिने हात घातला, तो ओला झाला. मग तिने आपल्या अंगातला निळा कोट काढला आणि सगळ्यांदेखत तो पोरीच्या कमरेला गुंडाळून बाह्यांची घट्ट गाठ मारली. बाईंचं पेन थांबलं.

"मावशी," साहेब दात आवळून पुटपुटले, "समितीसमोर युनिफॉर्म काढायचा नसतो."