घानाची निवडणूक बिनविरोध

पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशात राष्ट्राध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडतात, हे सातवीला शिकवताना मी फार खुशीत होतो. तिथले दोन मोठे पक्ष. एकाची निशाणी हत्ती, दुसऱ्याची छत्री. निम्म्याहून जास्त मतं कुणालाच मिळाली नाहीत, तर पहिल्या दोघांत पुन्हा मतदान. मोजणी केंद्रावरच, लोकांसमोर. पोरांना हे इतकं आवडलं की शनिवारी वर्गातच घानाची निवडणूक घ्यायचं ठरलं. हत्तीकडून महारुद्र उभा राहिला, छत्रीकडून भक्ती. उपाध्यक्ष तिथे अध्यक्षाच्या जोडीनेच उभा राहतो, म्हणून भक्तीने सुकेशनीला सोबत घेतलं. आठवडाभर ती भाषण पाठ करत होती.

शनिवारी मी जिंतूरच्या एसटीतून उतरून शाळेत आलो, तर महारुद्रच्या कपाळावर गुलाल.

"गुरुजी, बिनविरोध झाली," तो म्हणाला.

"कुणी केली?"

"आमच्या तात्यानं. काल पारावर बसून."

तात्याराव म्हणजे त्याचे आजोबा. गावची पंचायत ते दरवेळी अशीच काढतात. एकाला सरपंच करायचं, दुसऱ्याची समजूत घालायची आणि पेढे वाटायचे. पण घानासुद्धा? ते वर्गाच्या दारात खुर्ची टाकून बसलेच होते.

"तात्या, अहो, हा पोरांचा अभ्यास आहे."

"म्हनून तर म्हनलं. आत्तापासून भांडनं कशाला? पोरीला उपाध्यक्ष दिलंय की."

"घानात असं वाटून देता येत नाही."

"घानात येत नसंल. शाळा तर आपल्या गावात हाय."

मी पुन्हा सगळे नियम सांगितले. त्यांनी पुन्हा प्रेमाने मान हलवली. भिंतीला तरी कुठेतरी भेग असते.

शेवटी मी भक्तीलाच विचारलं. ती बाकाकडे बघत म्हणाली, "बा म्हनला, नाव काढून घे. तात्याच्या रानात आपली मेंढरं बसवायची हायत."

पीक निघालं की तिच्या वडिलांचा कळप त्या रानात मुक्कामाला असतो. मेंढरांना चारा, जमिनीला खत.

"आणि तुला काय वाटतं?"

"माझं भाषन पाठ झालंय." ती दाराकडे वळली. "तात्या, मेंढरं न्हाई बसली तर तुमच्या रानाला लेंडीखत कुठून येईल?"

वर्ग हसला. तात्याराव खुर्चीत जरा सरकले. "लय शहानी हाय. घ्या बाबा तुमचं मतदान."

भक्तीचं भाषण मध्येच दोनदा अडखळलं, पण तिने ते संपवलं. मतदान झालं. चिठ्ठ्या मी मोठ्याने वाचल्या. छत्री निम्म्याच्या बरीच पुढे गेली.

"चांगलं झालं," तात्याराव उठत म्हणाले. "आता महारुद्रला उपाध्यक्ष करा, म्हंजी मिटलं."

मी डोक्याला हात लावला.

"तात्या, उपाध्यक्ष सुकेशनी हाय," भक्ती म्हणाली. "चिठ्ठीवर आमचं दोघींचं नाव होतं. महारुद्र विरोधात बसंल. मी चुकले की त्यानं मला इचारायचं."

"आन त्याचं त्याला काय मिळतं?"

भक्तीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बसलो.

"अध्यक्षबाई," मी म्हणालो, "तात्यांना आता तुम्हीच समजावून सांगा."