मंगळवारचं चुंबक

जावेच्या सुखाने पोटात दुखायला लागलं, की त्यावर ओवा चालत नाही. नागावच्या क्रांतीचं पोट घराच्या वाटण्या झाल्यापासून दुखत होतं. दोघी जावांना सारख्याच खोल्या मिळाल्या, दोघींनी त्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. पण गाड्या थांबायच्या त्या धाकट्या प्रणालीच्या दारात. मासळीचं कालवण क्रांतीचंच उजवं, हे आख्खी आळी सांगेल. पण पाहुण्यांना एसी हवा, आणि तो प्रणालीकडे. रोज सकाळी फुलं काढायच्या निमित्ताने क्रांती तिच्या दारातल्या गाड्या मोजायची आणि दिवसभर जळायची.

एकदा तिचा मावसभाऊ विनेश, तो वायरमन, सहज बोलून गेला, “बिल कमी यावं म्हणून नव्या मीटरला चुंबक लावलं ना ताय, तर त्याची नोंद आत र्‍हाते. सायब लोक यंत्र लावून काढतात.”

क्रांतीच्या डोक्यात किडा वळवळला. प्रणालीवर वीजचोरीचा आळ आला तर? ऐन दिवाळीत वीज तुटेल आणि पाहुणे मुकाट आपल्या दारात येतील.

मंगळवारी तिने आपल्या लेकीचे, आरोहीचे डोळे तपासायचं निमित्त काढलं. “तुझी गाडी हाय, तूच ने गो तिला अलिबागला.” प्रणाली हसत गेली. पुरुषमंडळी किनाऱ्यावर स्टॉलवर होती. क्रांतीने जुन्या स्पीकरचं चुंबक जावेच्या मीटरला चिकटवलं, त्या परतायच्या आत काढलं आणि दुसऱ्याच दिवशी निनावी तक्रार ठोकून दिली.

तपासणीला माणसं आली तशी आळी गोळा झाली. इंजिनीअर बाईंनी मीटरला यंत्र जोडलं.

“चुंबक लावलेलं दिसतंय.”

क्रांतीला आतून उकळ्या फुटल्या.

“मंगळवारी दुपारी. पण असल्या मीटरला चुंबक लावलं, की तो थांबत नाही, जास्तच पळतो. चोरी कसली, यांचंच बिल वाढणार. तेव्हा घरात कोण होतं?”

दिवस आणि वेळसुद्धा मीटर लिहून ठेवतो, हे विनेशने सांगितलं नव्हतं आणि शहाणीने विचारलंही नव्हतं. प्रणालीने मान वळवून थेट क्रांतीकडे पाहिलं. आता आळीसमोर आपल्या अब्रूचे धिंडवडे निघणार, एवढंच क्रांतीला कळत होतं.

“पाहुण्यांची पोरं होती मॅडम,” प्रणाली म्हणाली. “खेळताना लावलं असंल. बिल मी भरीन.”

बाईंनी मीटरच्या पेटीला कुलूप लावायला सांगितलं आणि पथक गेलं.

मंगळवारी प्रणालीकडे एकही पाहुणा नव्हता. गाड्या मोजणाऱ्या क्रांतीला हे पक्कं ठाऊक होतं. त्या सकाळी तिने आनंदाने चहात दोन चमचे साखर जास्त घातली होती.

प्रणालीने दारात शिव्या घातल्या असत्या, तर क्रांतीने चार परत घातल्या असत्या. पण ती जाता जाता एवढंच म्हणाली, “ताई, आरोहीचा चष्मा झालाय. उद्या आणते.”

“मेली,” क्रांती पुटपुटली, “मोठेपणातपण माझ्यापुढंच.” आणि तिने डोळ्यांना पदर लावला.