नसीम वसाहतीची चौकशी

कैरोतली शुब्राची जुनी वस्ती सोडणार नाही असं हाज्जा इन्शिराहनी जाहीर केलं, तेव्हा त्या मटार सोलत होत्या. बोलताना हात थांबला नाही, यावरून सून रबाबनं ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. नुसत्या रागावल्या असत्या तर मटार बाजूला ठेवले असते.

मुलगा बहगत याचं सरकारी खातं कैरोच्या मध्यातून उचलून वाळवंटातल्या कोऱ्या इमारतीत नेलं होतं. रोजच्या जाण्यायेण्यानं त्याची अशी दशा झाली होती की घरी आल्यावर तो बायकोलाही 'साहेब' म्हणायचा. खात्याजवळ नसीम नावाची वसाहत वाढत होती. तिथं तिसऱ्या मजल्यावर घर भाड्यानं मिळत होतं, शाळा चालत जाण्याइतकी जवळ होती, आणि घरमालकानं शुक्रवार संध्याकाळपर्यंत शब्द मागितला होता.

"आई, तिथं तळं आहे," बहगत म्हणाला.

"मी बदक आहे का?"

"हवा स्वच्छ आहे."

"मग हवेशीच गप्पा मारू? बाळा, तिथं इमारती आहेत, शेजार नाही. मी तिकडे मेले तर लोकांना वास आल्यावर कळेल, आणि तेही तक्रार करायला येतील. तुम्ही जा. मी इथं सुखात राहीन."

सुखाचं हे वर्णन त्यांनी दोनदा केलं. पण नात शहद दुपारची येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली, तेव्हा हाज्जांनी सोललेले मटार सालींच्या टोपलीत टाकले आणि साली पातेल्यात. शहद जन्मल्यापासून त्यांच्याच अंथरुणात झोपत होती. आजीशिवाय पोरीला झोप लागत नाही, असं हाज्जा सगळ्या गल्लीला सांगत. उलटही तितकंच खरं होतं, पण गल्लीला सगळंच सांगायचं नसतं.

शेवटी तडजोड झाली. हाज्जा स्वतः जाऊन चौकशी करतील. वसाहत चौकशीला उतरली तर सगळे जातील, नाही तर त्या शुब्रातच राहतील आणि बहगतनं पुन्हा विषय काढायचा नाही.

बहगत कबूल झाला खरा, पण धास्तावतच. कारण चौकशी हा हाज्जांचा प्रांत होता. मुलगी द्यायची तर मुलीकडचे लोक आधी मुलाच्या गल्लीत येतात, आणि वाण्याला, इस्त्रीवाल्याला, शेजारणीला आडून आडून विचारतात: पोरगा कसा, आईचा स्वभाव कसा, रात्री किती वाजता घरी येतो. शुब्राच्या त्यांच्या गल्लीत असं कुणी आलं की लोक बोट दाखवायचे ते हाज्जा इन्शिराहच्या खिडकीकडे. गल्लीतली कितीतरी निरुद्योगी पोरं त्यांच्या साक्षीवर बोहल्यावर चढली होती. त्यांचा हिशोब साधा होता. चौकशीला आलेल्या माणसाला लोकांनी 'माहीत नाही' म्हटलं, तर ती गल्ली नव्हे, नुसता रस्ता. नसीममध्ये सगळे 'माहीत नाही' म्हणणार, याची त्यांना खात्री होती.

शुक्रवारी नमाजानंतर ते निघाले. परक्या मुलखात कुणी हलकं लेखू नये म्हणून हाज्जांनी काळा रेशमी झगा घातला, हातात सोन्याच्या बांगड्या चढवल्या आणि ठेवणीतली पर्स घेतली. रबाबला बजावलं, "तू बोलायचं नाहीस. नुसतं बघायचं."

नसीमचे रस्ते इतके रुंद होते की पलीकडच्या माणसाशी भांडायला फोन करावा लागला असता. झाडं लावली होती, पण त्यांची सावली त्यांना स्वतःलाच पुरत नव्हती. बहगतनं गाडी इमारतीसमोर लावली आणि आईच्या हुकमावरून तो आतच बसून राहिला.

इमारतीच्या तळाशी गाबर नावाच्या गृहस्थाचं किराणा दुकान होतं. हाज्जांनी थोडी साखर मागितली, दुकानावरून एक नजर फिरवली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "तिसऱ्या मजल्यावर कोण राहतं हो? माणसं कशी आहेत?"

गाबरचा साखरेचा हात थांबला. त्यानं काळा झगा पाहिला, बांगड्या पाहिल्या, मागे मुकाट उभी असलेली रबाब पाहिली, गाडीत लपल्यासारखा बसलेला पुरुष पाहिला. मग साखर जरा जास्तच घातली.

"डॉक्टर नबीह का? कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान त्यांचंच. हाज्जा, काय सांगू! मला मुलगी असती तर तुम्हाला इथवर येऊच दिलं नसतं."

हाज्जा चपापल्या. त्या समोरच्या बिऱ्हाडाबद्दल विचारत होत्या आणि हा माणूस त्यांना स्थळ बघायला आलेली मुलीकडची समजला होता. "अहो, तसं नाही," म्हणायला त्यांनी तोंड उघडलंही होतं. पण इतक्या वर्षांची सवय. तोंडातून निघालं ते, "सिगारेट?"

"नाव काढू नका!"

"आई कशी आहे?"

"मादाम दौलत? देवमाणूस. सून आली तर तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू देणार नाहीत."

हाज्जांनी मनातल्या मनात मान डोलावली. खोटं होतं, पण घोटीव होतं.

शेजारी मिलाद इस्त्रीवाल्याचं दुकान. त्या तिथं पोचल्या तेव्हा खुर्ची बाहेर मांडलेली होती आणि तीवर धुतलेला रुमाल अंथरलेला होता. त्यांनी काही विचारायच्या आतच मिलाद म्हणाला, "कॉलर, हाज्जा! माणूस कॉलरवरून कळतो. डॉक्टरांची कॉलर बघा, दुधासारखी. आणि खिशात? कधी एक तिकीट नाही, चिठ्ठी नाही, काही नाही."

"तंबाखूचा वास?"

मिलादनं गाबरच्या दुकानाकडे चोरून पाहिलं. "कधीतरी. दुःखात असले तर."

"आणि दुःखात कितीदा असतात?"

"लग्न झालेलं नाही ना अजून," मिलाद खाली मान घालून म्हणाला.

रबाबला हसू आवरेना. सासूनं तिला कोपरानं ढोसलं, पण त्यांच्याही डोळ्यांत आता वेगळीच चमक होती. ही वार्ता गाबरकडून मिलादकडे इतक्या झटक्यात कशी गेली? शुब्रातसुद्धा एवढ्या थोड्या वेळात निरोप पोचत नसे. आणि ही माणसं तर कुणी शुब्राशेजारच्या रोद अल्-फरगहून आलेली, कुणी तांताहून. एकमेकांच्या दारात येऊन त्यांना अशी किती वर्षं झाली असतील! तरी एका एकट्या पोरासाठी सगळे जिवावर उदार होऊन खोटं बोलत होते. रखवालदारानं तर कमालच केली. डॉक्टर फुकट औषधं देतात, असं तो म्हणाला. आणि 'मलाही देतात' असं जोडून तो दोन्ही पायांवर ताठ उभा राहिला, जणू ते पायच पुरावा होते.

"हे लोक चांगले आहेत," हाज्जा सुनेच्या कानात पुटपुटल्या. चेहरा मात्र हरल्यासारखा होता.

इतक्यात वरून हाक आली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून एक गोरीपान बाई वाकून म्हणत होती, "हाज्जा, खाली काय उभ्या? चहा टाकलाय!"

आता गळ्याशी आलं. वर जायचं म्हणजे थट्टेचा खोटेपणा व्हायचा. न जायचं म्हणजे चौकशी अर्धवट सोडायची. हाज्जा वर गेल्या.

मादाम दौलतनी बैठकीच्या खोलीतल्या सोफ्यांवरची प्लास्टिकची आवरणं काढून ठेवली होती. हे लग्नकार्याशिवाय होत नाही, हे हाज्जांना पक्कं ठाऊक होतं. टेबलावर बसबूसाचं, रव्याच्या पाकातल्या वड्यांचं, ताट होतं. मागे दारात गाबर उभा, साखरेची पुडी पोचवायच्या निमित्तानं. त्याच्या मागे मिलाद, काहीच निमित्त नसताना.

"मुलगी किती शिकलेली आहे?" मादाम दौलतनी विचारलं. विचारताना त्यांचा आवाज किंचित कापला.

तो कंप हाज्जांच्या काळजात गेला. असा आवाज त्यांनी आपल्या खिडकीतून कितीतरी आयांचा ऐकला होता. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

"पाचवीत आहे," त्या म्हणाल्या. "माझी नात. मी शुब्राची इन्शिराह. मादाम दौलत, मुलगी वगैरे काही नाही. माझा मुलगा तुमच्या समोरचं घर भाड्यानं घेतोय. मी नवरा बघायला नाही, वस्ती बघायला आले होते. लोकांनी गैरसमज केला, आणि मी तो दूर केला नाही. ही माझी चूक."

मग मादाम दौलतनी बसबूसाचं ताट हळूच स्वतःकडे ओढून घेतलं.

"म्हणजे तुम्ही आमची परीक्षा घेत होता."

"हो."

"आणि आम्ही पास?"

"पहिल्या वर्गात."

"फार उपकार झाले." मादाम दौलत उठल्या. "पण समोर राहायला कोण येतंय, हे आम्ही नको का बघायला? आज माझ्या पोराचा तमाशा केला. उद्या माझ्या दाराशी बसून काय काय कराल? गाबर, तू शुब्राच्याच बाजूचा ना? ह्यांच्या गल्लीत कोण ओळखीचं आहे तुझ्या?"

हाज्जांचा चेहरा उतरला. नसीम नापास होईल, याची तयारी करून त्या आल्या होत्या. आपणच नापास होऊ, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. रबाबनं प्रथमच तोंड उघडलं, "मादाम, ह्या तशा…" पण सासूनं हात वर केला. चौकशीला हरकत घ्यायची नसते. तो नियम त्यांनीच आयुष्यभर पाळायला लावला होता.

गाबरच्या मेव्हण्याच्या ओळखीनं नंबर मिळाला तो नेमका तोलबा खाटकाचा. हाज्जांच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं दुकान. गाबरनं फोनचा आवाज मोठा केला आणि उस्तादाला द्यावा तसा मान देत विचारलं,

"मुअल्लिम तोलबा, तुमच्या गल्लीतल्या हाज्जा इन्शिराह कशा आहेत हो?"

पलीकडे क्षणभर सुरा थांबल्याचं ऐकू आलं. मग तोलबा चौकशीला सरावलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाला, "हाज्जा? मध! साक्षात मध! कधी कुणाला मोठ्या आवाजात बोलल्या नाहीत. हाताला चव अशी की माझं मांस त्यांच्या पातेल्यात गेल्यावर मलाच ओळखू येत नाही. वयाचं म्हणाल तर दिसतात त्यापेक्षा लहान आहेत. नवरदेव काय करतो?"

मिलाद तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाला.

"नवरदेव नाही, मुअल्लिम," गाबर हसू दाबत म्हणाला. "त्या आमच्या नसीममध्ये राहायला यायचं म्हणतायत. म्हणून विचारलं."

पलीकडे सुरा खाली ठेवल्याचा आवाज आला.

"राहायला? म्हणजे इथून जाणार?"

"हो."

"मग मी आत्ता म्हणालो ते सगळं खोटं," तोलबा म्हणाला. "लिहून घ्या. भांडखोर आहे बाई. हाडाचा तुकडा जास्त पडला तर परत आणून देते. पहाटे उठून सगळ्या गल्लीला उठवते. माझी पोरं तापली तर ही घरात घुसून काढा पाजते, कुणी बोलावलेलं नसताना. असली बाई तुम्हाला परवडायची नाही. घर देऊ नका. ऐकलंत? अजिबात देऊ नका तिला."

मादाम दौलत फोनकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी हाज्जांकडे पाहिलं. हाज्जा पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या आणि ते सापडत नव्हतं, कारण डोळ्यांपुढे पाणी होतं.

"तोलबा," त्या फोनजवळ वाकून म्हणाल्या, "मी इथंच आहे."

"मला काय माहीत! आवाज तर आला नाही तुमचा," तोलबा चिडून म्हणाला. "हाज्जा, तिथं नीट मांस तरी मिळतं का?"

"विचारलं नाही अजून."

"मिळत नसणार. दर शुक्रवारी मी पाठवीन." आणि त्यानं फोन ठेवला.

मादाम दौलतनी बसबूसाचं ताट पुन्हा हाज्जांसमोर सरकवलं. "माझ्या नबीहला पित्त आहे," त्या म्हणाल्या. "तुमचा तो काढा चालतो का पित्ताला?"

"पित्ताला नाही. पण लग्न न झालेल्यांना चालतो." हाज्जांनी डोळे पुसले आणि बसबूसाचा मोठा तुकडा उचलला. "शुब्रात माझ्या भाचीची नणंद आहे. शिक्षिका. सिगारेटचा वास तिला मुळीच खपत नाही, आधीच सांगते."

"तो सोडेल!" दारातून गाबर म्हणाला.

"त्याला विचारू तरी," मादाम दौलत म्हणाल्या. पण त्यांनी हाज्जांच्या पेल्यात चहा पुन्हा काठोकाठ ओतला.

रबाब गॅलरीत गेली. खाली गाडीत बहगत घामाघूम होऊन घड्याळाकडे पाहत बसला होता. ती वरून ओरडली, "अहो, घरमालकाला फोन लावा! आई हो म्हणतायत!"

रस्ता एवढा रुंद असूनही समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या आणि कुणीतरी तिकडून विचारलं, "कोण हो म्हणतंय? नबीहचं ठरलं का?"