पहिल्या हाफमधली रिया

आमच्या मुलींच्या हॉकी टीमने या मोसमात बारापैकी अकरा सामने गमावले आणि एक बरोबरीत सोडवला, तोही समोरच्या टीमच्या चार मुली तापाने घरी होत्या म्हणून. टीमचं नाव पुकेको. ज्याने हे नाव ठेवलं, त्याने रस्ता ओलांडताना मध्येच थांबून विचारात पडणारा इथला तो निळा पक्षी नीट पाहिला असणार.

मला मुलींचा राग येत नाही. चौदा-चौदा वर्षांच्या पोरी. हरतात, संत्री खातात, घरी येतात. माझा राग आहे तो मैदानाच्या कडेला, शेडच्या आडोशाने मांडलेल्या तीन घडीच्या खुर्च्यांवर.

पहिली खुर्ची प्रसादची. तो पुण्याहून इथे परदेशात शिकायला आला. शिकला एक, करतो दुसरंच. सध्या हॉर्नबी या उपनगरातल्या एका गोदामाचा मॅनेजर आहे. जेवणाच्या सुट्टीत फोनवर अमेरिकेतली बर्फावरची हॉकी बघतो. तिथली त्याची लाडकी टीम नऊ वर्षं ‘रिबिल्ड’ होते आहे, तरी त्याचा रिबिल्डवरचा विश्वास उडालेला नाही. त्याची मुलगी ऋग्वेदा आमची गोलकीपर. दुसरी खुर्ची सुधाकरकाकांची. ते खडकीचे, मुलाकडे राहायला आलेले. टीममध्ये त्यांचं कोणीही नाही, पण तरुणपणी कारखान्याच्या टीममधून फुलबॅक खेळल्यामुळे जगातल्या प्रत्येक हॉकी स्टिकला सल्ला द्यायचा त्यांना हक्क आहे. तिसरी खुर्ची माझ्या नवऱ्याची, मारोतीची. तो स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. इमारत पाडायची की सावरायची, हे ठरवायचा त्याला पगार मिळतो. शनिवारी तेच काम तो फुकट करतो.

तिघांत एक थर्मास, एक लॅपटॉप आणि एक गैरसमज सामायिक आहे. गैरसमज असा, की मराठीत बोललं की कोणाला कळत नाही. म्हणून ते मोठ्याने बोलतात.

जुलैत क्लबने ठरवलं, की पुढच्या मोसमात चारही टीमांची ताकद सारखी करायची. प्रत्येक टीमने सात मुली ठेवायच्या, चार ट्रेडसाठी द्यायच्या, आणि बदल्यात दुसऱ्यांच्या चार उचलायच्या. तळाच्या टीमला पहिली निवड. तळ कोणाचा, हे सांगायला नको. कोच अरोहा शहाणी बाई. ती म्हणाली, आईबापांची भांडणं मला नकोत, शेवटच्या सामन्यानंतर तुम्हीच मला यादी द्या. झालं. तिन्ही खुर्च्यांची कमिटी बसली. माकडाच्या हाती कोलीत.

“रिबिल्ड म्हणजे काय,” प्रसाद पुढच्याच शनिवारी सांगू लागला, “आज हरायचं, पण भविष्य विकत घ्यायचं. चांगल्या प्लेअर्सना आत्ता ट्रेड करायचं आणि यंग प्रॉस्पेक्ट्स घ्यायचे.”

“अरे, या चौदा वर्षांच्या आहेत,” सुधाकरकाका म्हणाले. “यांच्याहून यंग म्हणजे पाळण्यातल्या घेणार काय?”

“काका, कॉन्सेप्ट समजून घ्या.”

“कॉन्सेप्ट राहू दे. मनगट बघ मनगट. खडकीला आमचे कोच आधी मनगट धरून बघायचे, मग नाव विचारायचे.”

प्रसादने लॅपटॉपवर प्रत्येक मुलीचा तक्ता केला होता. किती पास, किती चुका, पहिला हाफ, दुसरा हाफ. ऋग्वेदाने मोसमात एकसष्ट गोल खाल्ले होते, पण तिचं नाव ‘ठेवायच्या’ रकान्यात पहिलं होतं. गोलकीपर ही लाँग टर्म गुंतवणूक असते म्हणे. चार नावं कोणती द्यायची यावर दोन शनिवार वाद झाला. तीन ठरली. चौथं नाव मारोतीने स्वतःहून सुचवलं, नव्हे, स्वतःच्या हाताने लिहिलं आणि त्याला एक नंबर दिला.

रिया. आमची रिया.

त्या रात्री मी जेवताना म्हटलं, “अहो.”

एरवी मी त्याला नावाने हाक मारते. अहो म्हटलं की तो घास खाली ठेवतो.

“पोटच्या पोरीला विकायला काढलंत?”

“ट्रेड आहे, सुरेखा. आणि आकडे बघ. दुसऱ्या हाफमध्ये ती टीममधली सगळ्यात चांगली. पहिल्या हाफमध्ये सगळ्यात वाईट. पासच लागत नाही. मी कमिटीवर असताना तिला ठेवली, तर लोक म्हणतील वशिला.”

“कोण लोक? प्रसाद?”

विचारलं खरं, पण कोण लोक ते मला माहीत आहे. नागपूरला इंजिनिअरिंगच्या खुल्या यादीत त्याचा सतरावा नंबर होता. तरी चार वर्षं त्याला वर्गात विचारत, “कोट्यातून ना?” तो उत्तर द्यायचा नाही, फक्त आणखी अभ्यास करायचा. तेव्हापासून कोणी बोट दाखवेल अशी कुठलीच गोष्ट तो घेत नाही. स्वतःच्या लग्नात त्याने दुसरी जिलेबी नाकारली होती. इथे जयंतीच्या कार्यक्रमात रियाचं भाषण त्याने सगळ्यात शेवटी ठेवलं, तेव्हा हॉलमध्ये आम्ही आणि खुर्च्या गोळा करणारा माणूस एवढेच उरलो होतो. तिने तरी ते पूर्ण केलं. घरी येताना तो तिला म्हणाला, चांगलं झालं, पण मधे घाई केलीस.

पहिल्या हाफचं कोडं मात्र तिघांना सुटत नव्हतं. काका म्हणाले, अंग उशिरा तापतं. प्रसादच्या मते उन्हाची तिरीप. मारोतीने तिचे बूट बदलले, नाश्ता बदलला, शुक्रवारी लवकर झोपायला लावलं. मी तिच्यावरून गुपचूप मीठमोहऱ्या ओवाळल्या. विज्ञान शिकलेली बाई, दूध पावडरच्या लॅबमध्ये नोकरी करते, पण केलं.

शेवटचा सामना टुई टीमशी होता, तेही इथल्या एका पक्ष्याचंच नाव. ऑगस्टची, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातली सकाळ, पूर्वेचा वारा हाडं कुरतडत होता. एरवी मी गाडीत हीटर लावून बसते. त्या दिवशी गाडीची बॅटरी बसली, म्हणून मोसमात पहिल्यांदाच मी त्या खुर्च्यांमागे उभी राहिले.

रिया उजव्या कडेने खेळते. पहिल्या हाफमध्ये आमची बाजू अशी असते, की तिची कड म्हणजे बरोबर या खुर्च्यांसमोरची. आमच्या कॅप्टनने पहिल्या सामन्यात ही बाजू घेतली ती मोसमभर सोडली नाही. हरणाऱ्या टीमने बाजू मागितली तर कोणी नाही म्हणत नाही. रिया आमच्यापासून दोन हातांवर पळत होती.

“वळताना उशीर करते बघ,” मारोती म्हणाला.

“मनगट नाही,” काका म्हणाले. “मुळातच नाही.”

“टुईंना ही दिली की त्यांची ती उंच मुलगी मिळते का बघू,” प्रसाद म्हणाला. “वर आपल्याकडून काहीतरी द्यावं लागेल.”

रियाचा पास सरळ समोरच्या मुलीच्या स्टिकवर गेला.

“अरे, तिच्या डाव्या बुटाची नाडी सुटलीय,” काका म्हणाले. “पडेल आता.”

आणि रिया थांबली, आमच्याकडे न बघता खाली वाकली आणि तिने डाव्या बुटाची नाडी बांधली.

तिघांपैकी कोणाच्याही काही लक्षात आलं नाही. प्रसादने तक्त्यात एक चूक वाढवली. माझ्या मात्र आलं. मोसमभर, दर शनिवारी, अर्धा सामना ही पोर आधी आपल्या चुका आणि जुलैपासून आपल्याला कोणाच्या बदल्यात द्यायचं ते ऐकत खेळत होती. आणि मी तिची आई, हीटर लावून गाडीत. मला माझीच लाज वाटली.

हाफ-टाइमला ती पाणी प्यायला आली. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलते. मराठी तिच्या कानापर्यंत येतं, तोंडात येत नाही.

“पप्पा, लिस्ट दिली का?” तिने इंग्रजीत विचारलं.

“कसली लिस्ट?”

“ट्रेडची. मी नंबर वन आहे ना? इट्स ओके. टुई आर हीप्स बेटर.”

मारोती उभा राहिला. साइटवर क्लायंटला समजावतात तशा इंग्रजीत त्याने सुरू केलं, की बेटा, मी कमिटीवर आहे, मी माझ्याच मुलीला ठेवलं तर लोक म्हणतील—

“वशिला,” ती म्हणाली. “आय नो. तुम्ही दर शनिवारी म्हणता.” तिने बाटलीचं झाकण लावलं. “जस्ट टेल मी. अ‍ॅम आय एनी गुड?”

“चांगली आहेस,” मारोती म्हणाला, “पण वळताना जरा—”

“येह,” ती म्हणाली आणि मैदानात गेली.

मी लॅपटॉप प्रसादच्या मांडीवरून उचलून मारोतीसमोर धरला. “अहो, पहिला हाफ बघा. मग तुमची खुर्ची बघा.”

तडा कुठून सुरू झाला हे शोधणं त्याचं रोजचं काम आहे. त्याने तक्ता पाहिला. रिया आता पळत होती ती पलीकडची कड पाहिली. मग खाली बघून आपली खुर्ची पाहिली. त्याचा चेहरा असा उतरला, की मला रागावता येईना.

त्याने खुर्ची मिटली, काखेत मारली आणि गोलामागून सगळ्या मैदानाला वळसा घालून पलीकडे निघाला.

“अरे, मारोती, तिकडे कुठे?” प्रसाद ओरडला. “डेटा बिघडेल.”

डेटा बिघडलाच. पलीकडे टुईंच्या आईबापांमध्ये मारोती खुर्ची मांडून बसला, आणि काय झालं कोणास ठाऊक, सुरूच झाला. रियाने चेंडू अडवला, “शाब्बास.” पास दिला, “शाब्बास.” पास चुकला, तरी “शाब्बास.” वारा आमच्याकडे वाहत होता, त्यामुळे प्रत्येक शाब्बास सबंध मैदान ओलांडून येत होता. हा माणूस आयुष्यात एवढ्या मोठ्याने बोललेला मी ऐकला नव्हता. टुईंची एक आई त्याला आदराने जागा करून देत थोडी लांब सरकली. रियाने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. हसता हसता तिच्या पायाला चेंडू लागला, पेनल्टी कॉर्नर गेला, गोल झाला. पुन्हा हसली, पुन्हा गोल. आम्ही पाच-शून्यने हरलो. तिचा मोसमातला सगळ्यात भिकार दुसरा हाफ होता तो.

सामना संपल्यावर मारोती खुर्ची काखेत मारून परतला आणि अरोहा कागदासाठी आली. “किया ओरा,” तिने इथला नमस्कार घातला. “यादी झाली?”

“दोन मिनिटं,” प्रसाद म्हणाला आणि मारोतीकडे वळला. “बघ बाबा, आता तर दुसरा हाफपण गेला. केस क्लिअर आहे. हिला देऊनच टाकू.”

मारोतीने कागद घेतला. ट्रेडच्या यादीतलं पहिलं नाव खोडलं आणि ‘ठेवायच्या’ यादीत सगळ्यात वर लिहिलं. रेघेच्याही वर, समासात.

“आजचा खेळ बघून?” सुधाकरकाका म्हणाले. “कशाच्या आधारावर?”

“वशिल्याच्या,” मारोती म्हणाला. “माझी मुलगी आहे.”

नेहमीसारखाच मराठीत आणि नेहमीसारखाच मोठ्याने म्हणाला. फक्त या वेळी कोण ऐकतंय ते त्याला माहीत होतं.

रिया मागे बॅगेवर बसून संत्रं खात होती. “दॅट्स सो अनफेअर, पप्पा,” ती म्हणाली.

“हो,” मारोती म्हणाला.

“स्वीट अ‍ॅज.” म्हणजे इथल्या पोरांच्या भाषेत झकास. तिने एक बी थुंकली. “आणि प्रसाद अंकल, ऋग्वेदालापण सगळं ऐकू येतं. हेल्मेटमधूनसुद्धा.”

प्रसादने लॅपटॉप बंद केला. ऋग्वेदा लांब पॅड सोडत होती. तो तिच्याकडे गेला आणि तिने सोडलेलं पॅड उचलून बॅगेत भरू लागला. सुधाकरकाका बराच वेळ आपलं मनगट दाबत बसले होते. अरोहाने यादी मोजली, ट्रेडला तीनच मुली भरल्या. ती म्हणाली, तीन चालतील, तळाच्या टीमवर कोण रागावणार.

मारोतीने खुर्ची जमिनीवर ठेवून उघडली. रिया उठली आणि त्याच्याआधी तिच्यावर जाऊन बसली. डाव्या बुटाची नाडी पुन्हा सुटली होती. ती तिने बांधली नाही, नुसता पाय पुढे केला. स्वतःच्या लग्नात दुसरी जिलेबी न घेणारा माझा नवरा ओल्या टर्फवर गुडघा टेकून बसला आणि क्लबातल्या सगळ्यांदेखत तिची नाडी बांधू लागला.