लगीन होईस्तोवर

केसरच्या डोक्यावर पुन्हा केस आले आणि घरातल्या सगळ्यांना वाटलं, झालं, बाई बरी झाली. तिलासुद्धा तेच वाटलं. आगरदांड्याच्या कोळीवाड्यात दाराशी बसून मांदेली वाळत घालताना ती सारखा डोक्यावरून हात फिरवायची आणि लेकीला विचारायची, "किशोरी, गजरा कुठं माळू गो? कानावर?"

"कानावर कशाला, नाकावर माळ," किशोरी म्हणायची, आणि मायलेकी खिदळायच्या.

डाव्या छातीतली गाठ काढून झाली होती. केमोच्या ओकाऱ्या, तोंड येणं, सगळं सोसून झालं होतं. आता राहिलं होतं फक्त दर तीन आठवड्यांनी मुंबईला जाऊन घ्यायचं एक औषध. डॉक्टरबाईंनी नीट समजावलं होतं. केमो चांगल्या-वाईट सगळ्याच पेशींना झोडपते. हे औषध मात्र केसरच्या कॅन्सरच्या पेशींवरची खूण ओळखून तिथंच जाऊन चिकटतं. वर्षभर घ्यायचं, मध्ये सोडायचं नाही. केसरनं ते आपल्या भाषेत बसवलं. "म्हंजे केमो डोल जाळ्यासारखी, गावंल ते ओढते. आन हा गळ, एकालाच धरतो." तेव्हापासून घरात त्याला गळाचं इंजेक्शन म्हणू लागले. औषध सरकारी योजनेतून मिळत होतं. नवरा गुणाजी होडी बंद ठेवून सोबत जात होता. रोग कसला, ते घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं. एवढं सगळं जुळून आलेलं असताना आडवं काय आलं, तर लग्न!

किशोरीला दिघीचं स्थळ आलं. दिघी म्हणजे खाडीच्या पलीकडे, लाँचनं गेलं की आलंच. मुलगा दीपेश कष्टाळू, निर्व्यसनी. त्याची आई नीराबाई मासळीबाजारातली वजनदार बाई. साखरपुडा झाला आणि दुसऱ्याच दिवशी गुणाजीची थोरली बहीण मनुबाई ओट्यावर येऊन बसली.

"केसर, आता मुंबई बंद," ती म्हणाली. "दिघीची माणसं लाँचनं येतात नि तुमच्याच येष्टीत बसतात. कुणी इचारलं, सारखी कुठं चाललीस, तर काय सांगशील?"

"डॉक्टरबाई म्हणाल्या, सोडू नको."

"डॉक्टरबाई पोरीचं लगीन लावून देनार हाय का? किशोरी तुज्या अंगावर प्यायलीय. छातीचा रोग दुधातनं उतरतो, समद्या खाडीला म्हायती हाय. नीराबाईच्या कानावर गेलं तर लगीन मोडलंच समज. लगीन होईस्तोवर थांब. मंग घे की हवी तेवढी इंजेक्शनं."

दुधातनं उतरतो म्हणे! अहो, काही घराण्यांत हा रोग रक्ताच्या नात्यातून येतो हे खरं. ते तपासता येतं, त्यावर नजर ठेवता येते. पण दूध? ज्या दुधावर लेकरू वाढलं त्यालाच विष ठरवायचं, आणि तेही बायकांनीच! रोगाला कुणी भीत नाही आपल्याकडे. भितात ते शेजारणीच्या तोंडाला.

किशोरी भांडली. "आते, असलं लगीन मला नको." मनुबाईनं डोळे वटारले. गुणाजी खाली मान घालून फाटकं जाळं सांधत राहिला. शेवटी केसरच म्हणाली, "अगो, केस आलं, गाठ गेली. मला काय धाड भरलीय? तुजं एकदा मार्गी लागू दे."

हॉस्पिटलातून फोन आला की ती सांगायची, घरात पावणे आलेत, पुढच्या येळी येते. एकदा किशोरीनं तिच्या हातातला फोन ओढून घेतला, तर केसरनं लेकीपुढं हात जोडले. आईनंच हात जोडल्यावर पोर काय करणार? ती गप्प बसली.

हळदीला केसर नाचली. अशी नाचली, की बायका म्हणाल्या, नवरी कोण नि आई कोण! उजव्या बरगडीखाली दुखत होतं, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

लग्न पार पडल्यावर गुणाजी तिला मुंबईला घेऊन गेला, तेव्हा तिचे डोळे पिवळे झाले होते. रोग यकृतात पोचला होता.

"मध्ये का आला नाहीत?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"पोरीचं लगीन व्हतं," गुणाजी म्हणाला.

बाईंनी तपासणीचे कागद पुढं ओढले. हे उत्तर त्या पहिल्यांदा ऐकत नव्हत्या. औषध पुन्हा सुरू केलं, जोडीला दुसरं दिलं. उपयोग झाला नाही. कोळीवाडा नारळी पौर्णिमेच्या तयारीत असताना केसर गेली.

सगळी इंजेक्शनं वेळेवर घेतली असती तर ती वाचली असती? डॉक्टर असं छातीठोक सांगत नाहीत, मीही सांगणार नाही. पण जगायची जी वाट तिला मिळाली होती ती तिच्याच माणसांनी बंद केली, आणि तीही हसत हसत त्यात सामील झाली. हे आठवलं की काळीज फाटतं हो.

बाराव्याला घर बायकांनी भरलं होतं. मनुबाई येईल त्याला सांगत होती, "चांगली चालतीबोलती बाई, काविळीनं नेली."

नीराबाई दिघीहून आली होती. तिनं डोळ्यांना पदर लावला. "आमच्याकडं काविळीवर झाडपाला देतात. येळेवर कळवलं असतं तर मी सोता घेऊन आले असते."

हे ऐकून किशोरी उठली. "कावीळ न्हवती. छातीचा कॅन्सर व्हता. लग्नाच्या आधीपासून."

"गप बस!" मनुबाई तिचा दंड धरत म्हणाली. "अगो, संसार करायचाय तुला!"

किशोरीनं दंड सोडवून घेतला आणि ती सासूकडे वळली. "आईचं औषध चालू व्हतं, मामी. तुमाला कळू नये म्हणून सोडलं. मला म्हायती व्हतं, नि मी पन गप बसले."

नीराबाईचा पदर डोळ्यांवरच राहिला होता. तो खाली घेत ती हळू आवाजात म्हणाली, "आता खोटं कशाला बोलू, पोरी? तवा सांगितलं असतं, तर मी न्हायच म्हटलं असतं."

"म्हटलं असतं तरी चाललं असतं, मामी," किशोरी म्हणाली. "लगीन मोडलं असतं तर मोडलं असतं. माजी आई तरी ऱ्हायली असती."