चार पट्ट्या, दोन तळवे

सासूबाईंची चार बाळंतपणं झाली होती आणि चारही वेळा त्यांनी म्हणे हूं की चूं केलं नव्हतं. हे त्या घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत, अगदी गॅसवाल्यालासुद्धा.

त्यामुळे सुनेनं बाळंतपणासाठी ते विजेवरचं मशीन आणलं, तेव्हा त्यांनी नाक मुरडलं. सुनेला दुखणं मारायचं इंजेक्शन नको होतं. मागे अपेंडिक्सच्या वेळी औषधानं ती दोन दिवस बरळत पडली होती, आणि बाळाचं पहिलं रडणं तिला शुद्धीवर राहून ऐकायचं होतं. मशीन म्हणजे मुठीएवढी डबी, तिच्या वायरींना चार चिकट पट्ट्या. त्या कमरेवर लावायच्या, कळ आली की बटण दाबायचं. मुंग्या येतात आणि दुखणं थोडं तरी सोसवतं. आमच्या वेळी असली रिमोटची बाळंतपणं नव्हती, असं सासूबाईंनी जाहीर केलं.

पण तीस वर्षं लॉन्ड्रीत उभ्यानं इस्त्री करून त्यांच्या स्वतःच्या कमरेचा पार भुगा झाला होता. सून तपासणीला गेली की बाई मशीन लावून सोफ्यावर आडव्या. काय ते सुख! उरकलं की पट्ट्या उपटून सोफ्याच्या हातावर चिकटवायच्या. आठ दिवस नुसती चंगळ.

नवव्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. दवाखान्यात सिस्टरनं पट्ट्या पाहिल्या, तर सोफ्याची सगळी लव त्यांना लागलेली. चिकटायचं नाव नाही. वॉर्डातल्या पट्ट्या या मशीनला बसेनात. टेप लावला, तो घामानं सुटला. इंजेक्शनचं बघू या का, असं सिस्टरनं विचारलं आणि सून रडायलाच लागली.

सासूबाईंची तंतरली. खापर मुलावर फोडावं, असं क्षणभर मनात आलं. तो बाहेर बाकावर आयताच सापडला होता. पण सुनेचं तोंड बघवेना.

"मी वापरलं गं," त्या म्हणाल्या. "चोरून. आठ दिवस."

सुनेनं एक जळजळीत नजर टाकली, पण तेवढ्यात कळ आली आणि भांडण तहकूब झालं. ती पलंगाला टेकून उभी होती. सासूबाई तिच्या मागे गेल्या आणि चारही पट्ट्या दोन तळव्यांनी कमरेवर घट्ट दाबून धरल्या. दाब बटण, म्हणाल्या. मुंग्या आल्या.

चार तास बाई तशाच उभ्या, लघवीलासुद्धा हलल्या नाहीत. सून बटण दाबत होती, ओठ चावत होती, पण आवाज काढत नव्हती. शेवटी ओठातून रक्त आलं.

"ओरडत का नाहीस?"

"तुम्ही कुठे ओरडला होतात, आई?"

सासूबाईंनी तळवे आणखी घट्ट दाबले. मग म्हणाल्या, "ओरडले होते. पहिल्याच वेळी. सासूनं तोंडात टॉवेल कोंबला. पुढच्या तिन्ही वेळा मी आपणहून कोंबून घेतला. तू ओरड गं. माझ्या वाटचंही ओरड."

सून ओरडली. अशी ओरडली, की बाहेर नवरा ताडकन उठला आणि तसाच मटकन खाली बसला. थोड्या वेळानं मुलगी आली. ती सणसणीत रडली, आणि सुनेनं ते टक्क जागेपणी ऐकलं.

सिस्टर म्हणाली, "आजी, आता हात काढा."

सासूबाईंनी हात काढले. त्या हातांनी तोंड न झाकता, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा मोठ्यानं त्या रडल्या.